टेबलावरचं कॉकपिट

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून विमानांसाठीच्या दोन जुन्या जागा आहेत. कराडची धावपट्टी १९५५ मध्ये कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधली गेली. सुमारे १,२८० मीटर लांबीच्या या पट्टीवर आजही लहान विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरतात. सांगलीजवळची कवलापूरची धावपट्टी मात्र कित्येक वर्षं वापराविना पडून आहे, आणि तिथं विमानतळ व्हावा ही मागणीही तितकीच जुनी आहे. तिकीट काढून विमानात बसायचं, तर दोन्ही जिल्ह्यांतल्या माणसाला कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागतं.

तरीही कराडहून सांगलीला विमान नेता येतं, तेही स्वतः चालवत. २०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरनं उपग्रहांच्या आणि हवाई छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी संगणकात उभी केली. नकाशावर बोट ठेवाल तिथल्या आकाशातून उड्डाण सुरू करता येतं. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम मागं टाकायचा, विमानाचं नाक साधारण १४० अंशांवर, म्हणजे आग्नेयेला वळवायचं आणि १०० नॉट वेग धरायचा. सरळ रेषेत हे अंतर ६०-६५ किलोमीटर भरतं. उजव्या अंगाला वाळवा तालुक्यातली उसाची हिरवी चौकडी, डाव्या अंगाला किर्लोस्करवाडी, आणि वीस-एकवीस मिनिटांत समोर सांगलीचा कृष्णाकाठ.

हे उड्डाण कीबोर्डवर करून पाहिलं की अडचण लगेच कळते. कळ एक तर दाबलेली असते किंवा सोडलेली. अर्धी दाबलेली नसते. विमानाला मात्र सगळं ‘थोडंसं’ लागतं. नाक थोडंसं वर, डावा पंख थोडासा खाली, इंजिनाची ताकद थोडीशी कमी. हे थोडंसं हातातून संगणकापर्यंत पोचवण्यासाठी जॉयस्टिक आणि थ्रॉटल यांचा संच असतो. तो खेळणं समजून घेतला तर लवकरच कपाटावर जातो. यंत्र समजून घेतला आणि तशी निगा राखली, तर दहा-दहा वर्षं हाताशी राहतो. त्यासाठी त्याच्या पोटात काय आहे आणि आपल्या हवेत त्याला कशाचा त्रास होतो, एवढं माहीत असावं लागतं.

ऑर्गनच्या कारखान्यातून

जमिनीवर बसून उडायला शिकण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. उडायला शिकणं महाग, आणि खिशात पैसे बेताचे. मग लिंकनं कारखान्यातले भाते, हवेच्या झडपा आणि पंप वापरून १९२९ मध्ये एक लुटुपुटीचं विमान उभं केलं. आत बसून दांडा हलवला की भात्यांत हवा भरायची, निघायची आणि विमान त्या-त्या बाजूला कलायचं.

सुरुवातीला या यंत्राचं गिऱ्हाईक म्हणजे जत्रा आणि करमणुकीची उद्यानं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याची जबाबदारी आली. खराब हवेत, केवळ उपकरणं पाहून उडण्याचा सराव त्यांना नव्हता, आणि थोड्याच दिवसांत अनेक वैमानिक अपघातांत गेले. त्यानंतर लष्करानं लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत अशी सुमारे दहा हजार यंत्रं तयार झाली आणि लाखो वैमानिकांनी त्यांच्यावर हात बसवला.

घरगुती सिम्युलेटर आला तो १९७९-८० च्या सुमारास. ब्रूस आर्टविक यांनी ॲपल टू संगणकासाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर तयार केला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो आयबीएमच्या संगणकावर आणला. आज मायक्रोसॉफ्टच्या जोडीला एक्स-प्लेन आहे, लढाऊ विमानांसाठी डीसीएस वर्ल्ड आहे आणि १९९७ पासून जगभरच्या हौशी लोकांनी मिळून घडवलेला, पूर्णपणे मोफत फ्लाइटगिअरही आहे. पैशांची ओढाताण असलेल्या विद्यार्थ्यानं फ्लाइटगिअरपासून सुरुवात करावी. साधी जॉयस्टिक त्याला सहज जोडता येते.

दोन हातांची कामं

उजव्या हातात स्टिक. पुढं ढकलली की नाक खाली, मागं ओढली की वर. डावी-उजवीकडं कलवली की त्या बाजूचा पंख खाली. डाव्या हातात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा दांडा. तिसरं काम शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं. खऱ्या विमानात ते पायांनी होतं. घरगुती संचात बहुधा स्टिकची मूठच मनगटानं पिळून केलं जातं. लढाऊ विमानात महत्त्वाची बटणं या दोन दांड्यांवरच असतात, म्हणजे हात न उचलता सगळं हाताळता येतं. या रचनेला ‘हॉटास’ म्हणतात. आपल्या तेजस विमानातही वैमानिकाचा उजवा हात स्टिकवर आणि डावा थ्रॉटलवर असतो.

घरातली जॉयस्टिक आणि खरं विमान यांच्यातलं अंतर काही बाबतींत वाटतं त्याहून कमी आहे. १९८७ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या एअरबस ए-३२० विमानात वैमानिकासमोर मोठं सुकाणू नाही, बाजूला एक छोटी स्टिक आहे. ती पंखांना तारांनी वा सळ्यांनी जोडलेली नसते. स्प्रिंगच्या जोरावर ती मध्यावर येते, आतले सेन्सर तिची हालचाल मोजतात आणि संगणक पुढचं काम करतो. पुण्याच्या विमानतळावर दिसणाऱ्या कितीतरी विमानांचा कारभार असाच चालतो. टेबलावरच्या स्टिकमध्येही हेच तीन घटक असतात: दोन्ही दिशांना झुलणारा सांधा, म्हणजे गिंबल, मध्यावर आणणारी स्प्रिंग, आणि हालचाल मोजणारा सेन्सर. बिघाड होतो तो या तिघांपैकी एकात, नाहीतर वायरीत.

खरखर कुठून येते

जुन्या रेडिओचं व्हॉल्यूमचं बटण फिरवताना येणारी खरखर अनेकांना आठवत असेल. स्वस्त जॉयस्टिकमध्ये तोच भाग असतो. त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात ‘पॉट’ किंवा ‘व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हटलं की कळतं. आत कार्बनची एक चंद्रकोरी पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची जीभ घासत फिरते. जीभ कुठं आहे त्यावरून विद्युतदाब बदलतो आणि संगणकाला स्टिकची जागा कळते. घासलं की झिजणं आलंच. पट्टीवर धूळ बसते, कार्बनची भुकटी साचते, आणि रेडिओ खरखरायचा तसं विमान थरथरायला लागतं. हात स्थिर असूनही विमान अचानक एका बाजूला झटका खातं. सिम्युलेटरच्या हौशी मंडळींत याला ‘स्पाइक’ म्हणतात.

यावरचा उपाय म्हणजे हॉल सेन्सर. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या संशोधक विद्यार्थ्याला आढळलं, की वीज वाहत असलेल्या धातूच्या पातळ पत्र्यावर चुंबकीय क्षेत्र आणलं की त्याच्या दोन कडांमध्ये विद्युतदाब तयार होतो. जॉयस्टिकमध्ये दांड्यासोबत एक छोटा चुंबक हलतो आणि चिमुकली चिप त्याचं क्षेत्र मोजते. दोघं एकमेकांना शिवतही नाहीत, म्हणून झीज नाही. थ्रस्टमास्टर कंपनीची टी.१६०००एम ही मध्यम किमतीची स्टिक या सेन्सरमुळंच लोकप्रिय झाली. १४ बिटांच्या मोजणीमुळं ती प्रत्येक अक्षाचे १६,३८४ भाग ओळखते. तिच्या नावातला आकडा तिथूनच आला. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो ही वर्षानुवर्षं खपणारी साधी स्टिक १० बिटांची, म्हणजे १,०२४ भागांची आहे. शिकणाऱ्याला १,०२४ भागही पुरतात. मोजणी किती बारीक आहे यापेक्षा ती किती स्थिर आहे, हे जास्त महत्त्वाचं.

खरेदी करताना एक बारकावा हमखास नजरेतून सुटतो. टी.१६०००एम स्टिकच्या मुख्य दोन अक्षांना हॉल सेन्सर आहे, पण मूठ पिळण्याच्या अक्षाला जुना पॉटच आहे. त्यामुळं तो अक्ष आधी कुरकुरतो. खोक्यावर ‘हॉल सेन्सर’ लिहिलेलं असलं, तरी तो कोणत्या अक्षाला आहे हे विचारूनच घ्यावं.

काय घ्यावं

किमती काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जातात. पहिल्या पायरीवर एकाच बुंध्यावर छोटा थ्रॉटल असलेली एकटी स्टिक पुरते. आवड टिकतेय असं दिसलं की स्वतंत्र थ्रॉटलचा संच घ्यावा. प्रवासी विमानांची ओढ असेल त्यानं एअरबसच्या नमुन्याचा थ्रस्टमास्टरचा टीसीए संच किंवा हनीकोंब कंपनीचं सुकाणू आणि अनेक दांड्यांचा थ्रॉटल पाहावा. लढाऊ विमानांच्या वेडासाठी २०१० मध्ये आलेला हॉटास वॉर्थॉग प्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या ए-१०सी विमानातल्या दांड्यांची ही धातूची प्रतिकृती साडेसहा किलोंहून जड भरते. व्हीकेबी, व्हर्पिल, विनविंग या नव्या कंपन्यांची यंत्रं दर्दी लोकांत वाखाणली जातात. पण ती बाहेरून मागवावी लागली तर वाहतूक, आयात शुल्क आणि कर धरून हिशेब करावा. शिवाय बिघडल्यास जड खोकं परदेशी परत पाठवणं परवडणारं नसतं. भारतात बिलासह, वॉरंटीसह मिळणारा साधा संच अनेकदा जास्त शहाणपणाचा ठरतो.

जुना संच घेणं वाईट नाही, मात्र तो लॅपटॉपला जोडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विंडोजमध्ये ‘गेम कंट्रोलर्स’ नावाची खिडकी असते. तिथं स्टिकची जागा एका फुलीच्या खुणेनं दिसते. स्टिक सावकाश चारी टोकांना न्यावी, फुली अडखळते का पाहावी. हात सोडल्यावर फुली मध्यावर येऊन स्थिर राहते का, मूठ पिळल्यावर पट्टी सलग सरकते का, थ्रॉटल तळापासून टोकापर्यंत पूर्ण जातो का आणि प्रत्येक बटण उजळतं का, एवढं तपासायला पाच मिनिटं लागतात. सॅटेकचे जुने एक्स५२ संच आजही हस्ते-परहस्ते फिरताना दिसतात. सॅटेक हा ब्रँड २०१६ मध्ये लॉजिटेकनं विकत घेतला.

एका जिल्ह्यात दोन हवा

आता निगेचा भाग. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळासाठी ओळखला जातो. सांगलीतही पश्चिमेचा शिराळा भिजलेला आणि पूर्वेचे जत, आटपाडी कोरडे. म्हणजे एकच संच पाटण-जावळीच्या घरात दमटपणानं आजारी पडेल आणि दहिवडी-आटपाडीच्या घरात धुळीनं. मधल्या कृष्णाकाठी दोन्ही आहेत, शिवाय ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवलं की उडणारी काजळीही आहे.

धूळ आत शिरते ती दोन वाटांनी: स्टिकच्या बुंध्याशी असलेल्या रबरी पडद्यातून आणि थ्रॉटलच्या खाचेतून. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वापर संपला की सुती कापडाचं आच्छादन. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशनं खाच साफ करावी आणि कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी फुग्यानं हवा मारावी. तोंडानं फुंकू नये. फुंकरीबरोबर ओल आत जाते. बटणांवर चहाचे, फरसाणाचे हात लागले तर पुढं मुंग्याही येतात.

दमटपणाचा त्रास सावकाश दिसतो. धातूच्या टोकांवर गंज धरतो आणि बटण एकदा दाबलं तरी दोनदा लागतं किंवा लागतच नाही. काही संचांवर हाताला मखमली लागणारा रबरी लेप असतो. काही वर्षांनी उष्ण-दमट हवेत तो लेप विरघळू लागतो आणि सगळी मूठ चिकट होते. संच खराब झाला असं समजून माणसं तो टाकून देतात. खरं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं घेऊन लेप पुसून काढला की खालचं स्वच्छ प्लॅस्टिक वर येतं आणि यंत्र पुढं व्यवस्थित चालतं. पावसाळ्यात संच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून महिनोन्‌महिने ठेवू नये, ओल आतच अडकते. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि शक्य तर आठवड्यातून एकदा तरी संच वापरावा. फिरत राहिलेले सांधे आणि टोकं आखडत नाहीत.

२०१९ च्या ऑगस्टमधला आणि २०२१ च्या जुलैमधला महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. नदीकाठच्या घरात हा संच जमिनीलगतच्या खणात ठेवू नये. पाण्यात गेलाच, तर लगेच संगणकाला जोडून ‘चालतो का’ पाहण्याचा मोह टाळावा. आधी उघडून गाळ स्वच्छ पाण्यानं धुवावा, मग सर्किटवरून अल्कोहोल फिरवावं आणि अनेक दिवस सावलीत पूर्ण वाळू द्यावा. वीज सोडण्याआधी वाळणं पूर्ण झालं, तर यंत्र वाचण्याची आशा असते.

स्क्रू उघडल्यावर

वॉरंटी असेपर्यंत स्क्रूला हात लावू नये. कंपनीकडं दाद मागण्याचा हक्क जातो. वॉरंटी संपल्यावर मात्र भिण्याचं कारण नाही. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत, आणि स्प्रिंग दाबलेली असते हे लक्षात ठेवून झाकण हलकेच उचलावं. उडालेली स्प्रिंग कपाटाखालीच जाऊन बसते.

पॉट खरखरत असेल तर त्याच्या फटीत काँटॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारून अक्ष वीस-तीस वेळा पूर्ण फिरवावा. सायकलीच्या साखळीला मारतात तो साधा तेलकट फवारा इथं वापरू नये. त्याचा ओशट थर राहतो आणि पुढच्या महिन्यात दुप्पट धूळ धरतो. साफ करूनही झटके येत राहिले तर पट्टीच झिजलेली असते, पॉट बदलावा लागतो. त्याच्या अंगावर ‘बी १०के’ असं काही छापलेलं असतं. ‘बी’ म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारा, आणि आकडा म्हणजे रोध. त्याच आकड्याचा, त्याच लांबी-जाडीच्या दांड्याचा पॉट आणून दिला, तर सोल्डरिंग येणारा कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर तो बसवून देऊ शकतो. कराडच्या किंवा मिरजेच्या बाजारात असे हात अजून आहेत, आणि त्यांच्याकडं काम नेणं हीसुद्धा या छंदातली एक चांगली गोष्ट आहे.

गिंबलची तक्रार वेगळी असते. मध्याजवळ स्टिक किंचित हलवावी तर ती हलत नाही, जोर लावला की एकदम पुढं जाते. हवेत इंधन भरताना किंवा धावपट्टीशी विमान जुळवताना असा सांधा जीव काढतो. वॉर्थॉगच्या प्लॅस्टिकच्या गोल सांध्यात हा अनुभव पुष्कळांना आलेला आहे. कारण असतं जुनं, धूळ खाऊन घट्ट झालेलं ग्रीस. ते पूर्ण पुसून नवं लावावं, तेही दिसेल न दिसेल इतक्या पातळ थरात. गॅरेजमधलं पेट्रोलियमचं ग्रीस काही प्लॅस्टिकना तडे पाडतं, म्हणून प्लॅस्टिकला चालणारं सिलिकोन किंवा कृत्रिम ग्रीसच घ्यावं. जाणकार मंडळी नायोजेल ७६७ए हे ग्रीस वापरतात. त्यामुळं हालचालीला एक जड, सलग गोडवा येतो.

थ्रॉटलला मध्यावर येण्याची स्प्रिंग नसते. तो ठेवला तिथं राहायला हवा. त्यासाठी आत घर्षणाची पट्टी असते आणि अनेक संचांत ती घट्ट-सैल करण्याचा स्क्रू किंवा चाक असतं. दांडा आपोआप घसरत असेल तर आधी हे पाहावं. फार घट्ट करूनही उपयोग नाही, कारण उतरताना ताकद अगदी थोडी-थोडी बदलावी लागते. एअरबसच्या नमुन्याच्या थ्रॉटलला ठरावीक जागी खटके असतात: उड्डाणाचा, चढण्याचा, मंद गतीचा. प्रत्येक खटक्याची जागा सिम्युलेटरच्या आत जाऊन नोंदवावी लागते. ती नोंद चुकली, तर हाताला खटका लागतो पण विमान वेगळंच काही करतं, आणि माणूस यंत्राला दोष देत बसतो.

वायर, वीज आणि आकडे

उडता उडता संच अचानक मेल्यासारखा होतो, वायर काढून लावली की जिवंत होतो. हा बिघाड बऱ्याचदा संचात नसतोच. वीज वाचवण्यासाठी विंडोज काही वेळानं यूएसबी उपकरणाचा पुरवठा बंद करतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती परवानगी काढून टाकली की तक्रार मिटते. लॅपटॉपच्या एकाच तोंडावर स्टिक, थ्रॉटल, पेडल सगळं लटकवलं तर वीज अपुरी पडते. अशा वेळी स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा. दाब वर-खाली होणाऱ्या गावात संगणकाला यूपीएस हवाच. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग काढून ठेवावा.

मग कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य कुठं आणि टोकं कुठं हे संगणकाला सांगणं. पॉटच्या संचाला ते अधूनमधून करावं लागतं. हॉल सेन्सरच्या बऱ्याच संचांसाठी कंपनीचा स्वतंत्र प्रोग्राम असतो. विंडोजच्या खिडकीत केलेलं कॅलिब्रेशन त्याच्या वर बसून गोंधळ करू शकतं. सिम्युलेटरमध्ये ‘डेडझोन’ नावाची सोय असते, मध्याभोवतीची जेवढी हालचाल दुर्लक्षित करायची तेवढा पट्टा. निरोगी स्टिकला दोन-तीन टक्के पुरतात. स्पाइक लपवण्यासाठी तो वाढवत नेला तर विमान हाताला बोथट लागतं, आणि आतला खराब पॉट खराबच राहतो.

या सगळ्याला वेळापत्रक लावून घेतलं तर फार कष्ट पडत नाहीत. मृगाच्या आधी एकदा धूळ काढून, रबरी पडदा तपासून, सिलिका जेल बदलून घ्यावं. पावसाळा सरल्यावर खंडेनवमीला घराघरांत हत्यारं-अवजारं धुवून-पुसून पुजली जातात. संच उघडून जुनं ग्रीस काढण्यासाठी तो दिवस हवेच्या दृष्टीनंही अगदी योग्य आहे, कारण ओल गेलेली असते आणि हिवाळ्यातली धूळ अजून सुरू झालेली नसते.

बैठकीकडंही लक्ष हवं. टेबलावर सरकणारी स्टिक कधीच नीट उडत नाही आणि ओढाताणीत तिची वायर बुंध्याशी तुटते. सुताराकडून खुर्चीच्या दोन बाजूंना, कोपराच्या उंचीला दोन फळ्या बसवून घेतल्या की मनगटावरचा ताण जातो. धातूच्या संचाला फळीवर बोल्टनं पक्कं करण्यासाठी बहुधा तळाशी भोकं दिलेली असतात.

सराव आणि परवाना

घरच्या संचावर कितीही तास घालवले तरी ते वैमानिकाच्या नोंदवहीत धरले जात नाहीत. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि सिम्युलेटरवरचा सराव नियमांत धरला जातो तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं मान्य केलेल्या यंत्रावरचाच. घरच्या स्प्रिंगला हवेचा दाब कळत नाही. खऱ्या लहान विमानात वेग वाढेल तसा दांडा जड होतो. इथं तो उभ्या विमानातही तितकाच जड असतो. केवळ पडद्यावर शिकलेल्या माणसाला खिडकीबाहेर पाहण्याऐवजी काट्यांकडं डोळे लावून बसायची सवय लागते, तीही प्रशिक्षकाला मोडावी लागते.

तरी मिळतं ते थोडं नाही. चेकलिस्ट क्रमानं म्हणत जाणं, आडव्या वाऱ्यात नाक तिरकं ठेवून धावपट्टीवर येणं, नकाशा आणि घड्याळ यांच्या जोरावर ठिकाण शोधणं, हे सगळं घरी पक्कं होतं. प्रशिक्षणासाठी लाखो रुपये भरण्याआधी आपल्याला हे खरंच झेपतं आणि आवडतं का, याचं उत्तर काही हजारांत मिळतं. साताऱ्यात १९६१ मध्ये देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. सैन्याची आणि आकाशाची ओढ या भागाला नवी नाही. उणीव आहे ती हाताशी असलेल्या साधनांची.

साधन स्वतः घडवण्याची परंपराही इथं आहे. मूळचे पाटण तालुक्यातले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं, आणि २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला. त्या मानानं थ्रॉटल बनवणं फार सोपं आहे. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७ पासून, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आणि साखराळ्याचं राजारामबापू इन्स्टिट्यूट १९८३ पासून अभियंते घडवत आहेत. तिथल्या कुठल्याही वर्गातल्या दोन-तीन मुलांनी मनावर घेतलं तर एका सत्रात काम होईल. आर्डुइनो प्रो मायक्रो हा छोटा बोर्ड संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून ओळख देतो, कारण त्याच्यावरच्या चिपमध्येच यूएसबीची सोय आहे. एएस५६०० नावाचा चुंबकीय सेन्सर काही शे रुपयांत मिळतो आणि एका पूर्ण फेऱ्याचे ४,०९६ भाग मोजतो. दांड्याच्या आसाच्या टोकाला छोटा गोल चुंबक चिकटवायचा, त्याच्यासमोर एक-दोन मिलिमीटरवर सेन्सर धरायचा, आणि घर्षणासाठी नायलॉनच्या दोन चकत्यांमध्ये आस आवळायचा. आस आणि चकत्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर करून घेता येतील. सुरुवातीला एकच दांडा आणि एकच अक्ष असावा, बटण एकही नको. तो सलग आणि न थरथरता चालला की दुसऱ्या इंजिनाचा दांडा जोडावा.